नॉर्डालला काही नाही

ऑगस्टच्या उन्हात, पारा तिशीच्या वर गेलेला असताना, गळ्यापर्यंत बटणं लावून लोकरीचं जॅकेट घालणारा माणूस आमच्या वॉलबर्गात एकच आहे: ओरेस्ट साव्हचुक. निळं जॅकेट, चामडी बाह्या, पाठीवर पळता कोल्हा आणि छातीवर पिवळ्या धाग्यात भरलेल्या दोन ओळी. वर 'ओरेस्ट', खाली 'स्काउट'. कोल्हा म्हणजे आमचा हॉकीचा संघ, वॉलबर्ग फॉक्सेस. गावात त्यांना सगळे नुसतं 'कोल्हे' म्हणतात. आणि स्काउट म्हणजे हिवाळाभर आसपासच्या खेड्यांतल्या रिंकवर जाऊन, गारठलेल्या बाकावर बसून, चौदा-पंधरा वर्षांची पोरं बर्फावर कशी पळतात ते बघणारा आणि संघाला कळवणारा माणूस. पगार नाही. पेट्रोलपुरते पैसे मिळतात, ते जॅकेट मिळतं आणि गावात शब्दाला वजन येतं. ओरेस्टला पहिली गोष्ट नसती मिळाली तरी चाललं असतं.

"काढ ते आता. उकडून मरशील," त्याची बायको एल्सी त्या सकाळीही म्हणाली. ती ओट्यावर बसून काकडीच्या लोणच्यासाठी शेपू निवडत होती.

"सकाळी हवा असते."

"असते ना. तुझ्या डोक्यात."

पेट्रोल पंपाला लागून शिरलचं कॅफे आहे. तिथे रोज साडेनऊला कॉफीची पंगत बसते. खिडकीशी एक लांब टेबल, भोवती सात-आठ निवृत्त म्हातारे, आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले ज्याचे त्याचे मग. खिळा मिळायला दहा-दहा वर्षं लागतात. ओरेस्टचा मग पहिल्या खिळ्यावर, त्याच्या शेजारच्या खिळ्यावर लॉर्न थोरसनचा.

इथे लॉर्नबद्दल सांगायला हवं, कारण ओरेस्टच्या पोटात जी आग होती ती सगळी या एका माणसाच्या नावाची होती. दोघं एका वयाचे, बहात्तरचे. एका शाळेतले. लॉर्नच्या डोक्यावर अजून दाट केस, ओरेस्टच्या डोक्यावर टोपी. लॉर्नचे गुडघे देवाने दिलेले, ओरेस्टचे दोन्ही डॉक्टरने बसवलेले. उणे चाळीसमध्ये सगळ्या गावाच्या गाड्या मरून पडतात तेव्हा लॉर्नची जुनी पिकअप पहिल्या किल्लीला सुरू होते. दोघांच्या घरचे टोमॅटो एकाच दुकानातल्या रोपांचे, तरी लॉर्नचे दोन आठवडे आधी पिकतात, आणि तो पिशवी भरून ओरेस्टकडे आणून देतो. बरं, बढाई मारेल तर माणूस चार शिव्या देऊन मोकळा होईल. लॉर्न बढाईही मारत नाही. गप्प बसून कॉफीत साय ढवळतो. ओरेस्ट त्याच्यावर जळत होता, मित्र असून जळत होता, आणि मित्र असल्यामुळे जास्त जळत होता.

त्यात जूनमध्ये कळस झाला. दरवर्षी जूनमध्ये मोठी लीग जगभरातली अठरा वर्षांची पोरं निवडते. टीव्हीवर सोहळा असतो, पोरं आईला मिठ्या मारतात. त्यात यंदा अकराव्या क्रमांकावर नाव पुकारलं गेलं टेट थोरसनचं. लॉर्नचा नातू. आमच्यापासून बावीस किलोमीटरवरच्या नॉर्डालच्या शेतावर वाढलेला. आणि दोन वर्षं तो खेळला कुणाकडून? कोल्ह्यांकडून नाही. फोर्ट रेनीकडून, ज्यांच्याशी आमचं तीन पिढ्यांपासून वाकडं आहे.

तेव्हापासून पंगतीत दुसरा विषय नव्हता.

"आपले लोक पोरं निवडतात की बैल?" त्या सकाळीही नेस्टर सुरू झाला होता. नेस्टर चाळीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झाला, पण आवाज अजून मागच्या सीटपर्यंत पोचेल असाच. "सहा फूट तीन इंच, शंभर किलो, आणि वळायला सांगितलं की अर्धं रिंक लागतं! मागच्या पाच वर्षांतल्या पहिल्या निवडी मोजा. एक तरी वर गेला?"

"तो ल्युकेन गेला की," कुणीतरी म्हणालं.

"आपण विकल्यावर गेला! इथे होता तोवर बाकावर होता. चांगलं पोर चुकून आलंच तर दोन वर्षं बरणीत घालून ठेवतात. म्हणे मुरू दे. अरे, काकडी आहे का ती?"

"सोळा वर्षांच्या पोराला वीस वर्षांच्यांसमोर सोडलं तर हाडं मोडतील," शिरल कॉफी ओतता ओतता म्हणाली.

"फोर्ट रेनीत नाही मोडली ती? टेटला त्यांनी पहिल्या दिवसापासून बर्फावर सोडला. हो ना, लॉर्न?"

लॉर्न कॉफी ढवळत राहिला. "खेळायला मिळालं त्याला. नशीब लागतं."

नशीब! ओरेस्टला मगची कडा दातांनी तोडावीशी वाटली.

"नशीब कसलं? डोळे लागतात," नेस्टर म्हणाला. "आणि डोळे आपल्याकडे होते. हा बसलाय ना ओरेस्ट! याने सांगितलं होतं अर्व्हिनला. सांगितलं होतंस की नाही?"

टेबलावरची सगळी तोंडं ओरेस्टकडे वळली. अर्व्हिन क्लासन म्हणजे कोल्ह्यांचा मुख्य पारखी. गावोगावच्या ओरेस्टसारख्यांचे फोन त्याच्याकडे येतात आणि कुणाला घ्यायचं ते तो ठरवतो.

"सांगितलं होतं," ओरेस्ट म्हणाला. "ऐकतो कोण?"

हे तो जूनपासून सांगत होता. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा शब्द जुळवावे लागले होते. आता सवयीने सरळ बाहेर आलं. लॉर्नने ढवळणं थांबवून त्याच्याकडे पाहिलं, जूनमध्ये पाहिलं होतं तसंच, आणि पुन्हा ढवळायला लागला.

"झालं तर मग," नेस्टरने टेबलावर थाप मारली. "गुरुवारी सभेत मी ठराव मांडतोय. अर्व्हिनचा करार वाढवायचा नाही. घरातलं पोर ज्याला दिसत नाही त्याला गावाने कशाला पोसायचं?"

आमचा संघ कुणा शेठचा नाही, गावाचा आहे. हजारभर लोकांकडे एकेक शेअर आहे, आणि वर्षातून एकदा, ऑगस्टमध्ये, बर्फावर दगड सरकवायच्या खेळाच्या, म्हणजे कर्लिंगच्या, क्लबच्या माडीवर सभा भरते. तिथे संघाच्या माणसांना समोर बसवून गाव त्यांची हजेरी घेतं. नेस्टरने ठराव मांडला म्हणजे तो पास झाल्यातच जमा. सगळ्यांनी मान डोलावली. ओरेस्टनेही डोलावली.

घरी आला तर शेपूचा वास सगळ्या घरात भरला होता. त्याने जॅकेट खुर्चीच्या पाठीला लावलं आणि त्या दोन पिवळ्या ओळींकडे बघत बसला.

खरी गोष्ट अशी होती.

तीन हिवाळ्यांमागे, जानेवारीत, तो नॉर्डालच्या रिंकवर गेला होता. पत्र्याची मोठी शेड, आत बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी, आणि काचेमागच्या उबदार खोलीत बटाट्याच्या कापांवर गरम ग्रेव्ही ओतून मिळते. ती डिश हातात घेऊन तो काचेशी उभा राहिला. टेट तेव्हा पंधराचा होता. आदल्या मे महिन्यात आमच्या लीगच्या संघांनी त्याच्या वयाची पोरं निवडली तेव्हा तो एवढासा होता, म्हणून कुठल्याच संघाने घेतला नव्हता. उन्हाळ्यात तो चार इंच वाढला होता.

तिसऱ्या सत्रात टेटला पक, म्हणजे खेळातली ती रबरी चकती, मिळाली. दोन आडदांड पोरं त्याच्या अंगावर आली. टेटने मान वर ठेवली आणि जरासा थांबला. सगळं रिंक घाईत होतं आणि त्या एका पोराकडे वेळ होता. मग त्याने मागे न बघता मागे पास दिला, जिथे कुणीच नव्हतं. आणि क्षणभराने नेमका तिथे त्याचा साथीदार पोचला. गोल झाला की नाही ते ओरेस्टने पाहिलंच नाही. पंचवीस-सव्वीस वर्षं तो खेडोपाडी ज्याच्यासाठी हिंडला होता ते त्याने पाहिलं होतं. "बोझे," तो पुटपुटला. त्याची आई देवाला अशीच हाक मारायची.

आणि त्याच श्वासात त्याला डॅरिल आठवला.

डॅरिल म्हणजे त्याचा मुलगा. त्यालाही कोल्ह्यांनी निवडलं होतं, दुसऱ्या फेरीत, मोठ्या कौतुकाने. आणि दोन हिवाळे बाकावर बसवून ठेवलं होतं. सतराव्या वर्षी एका रात्री जेवताना डॅरिल म्हणाला होता, "बाबा, त्यांना सांग ना मला सोडा म्हणून. फोर्ट रेनीवाले घ्यायला तयार आहेत. तू बोललास तर सोडतील." ओरेस्टला नवंनवं जॅकेट मिळालं होतं. तो म्हणाला होता, "साव्हचुक संघ सोडून जात नाहीत. थांब जरा. तुझी वेळ येईल." वेळ आली नाही. एकोणिसाव्या वर्षी संघाने त्याला एका फोनवर मोकळं केलं. डॅरिलने स्केट गॅरेजमधल्या खिळ्याला लावले, ते अजून तिथेच आहेत. आता तो शेहेचाळीसचा आहे, पोटॅशच्या खाणीत नोकरी करतो, नाताळला आणि ईस्टरला फोन करतो आणि हॉकीबद्दल अवाक्षर काढत नाही.

म्हणजे केस लॉर्नला, गुडघे लॉर्नला, टोमॅटो लॉर्नला, आणि आता हेही लॉर्नलाच?

आमच्या लीगचा नियम असा आहे: मे महिन्यात कुणी न घेतलेलं पोर पुढे ज्या संघाचा फोन लीगच्या कचेरीत आधी जाईल त्याचं. एक फोन, एक नाव, पोराच्या पुढच्या पाच वर्षांचा निकाल. त्या रात्री ओरेस्ट घरी पोचला तेव्हा अर्व्हिनचाच फोन वाजत होता.

"नॉर्डालला काही?"

"काही नाही."

"थोरसनचा पोरगा वाढलाय म्हणे?"

"वाढलाय," ओरेस्ट म्हणाला. "नुसता उंचीने."

पाचव्या दिवशी फोर्ट रेनीने त्याचं नाव लावलं.

सभेच्या दिवशी माडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. संध्याकाळचे सात वाजलेले, पण ऊन खिडक्यांतून सरळ डोळ्यांत येत होतं, आणि गावाबाहेरच्या शेतांत मळणीयंत्रांची धूळ उडालेली दिसत होती. कापणी सोडून लोक आले होते, यावरून काय ते समजा. मागच्या भिंतीशी एल्सी आणि शिरल कॉफीच्या मोठ्या भांड्यापाशी उभ्या होत्या. ओरेस्ट जॅकेट घालून तिसऱ्या रांगेत बसला, घामाने निथळत. दोन खुर्च्या सोडून लॉर्न, अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, कोरडा ठणठणीत.

समोरच्या टेबलाशी अर्व्हिन क्लासन बसला होता. चाळिशीचा, अंगाने बारीक, कानापर्यंत लाल झालेला. त्याची बायको दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीत पर्स मांडीवर धरून बसली होती. आठच वर्षांपूर्वी ती दोघं या गावात आली, मुलं इथल्याच शाळेत होती.

नेस्टर उठला आणि त्याने गेल्या पाच वर्षांतल्या निवडी एकेक करून वाचल्या. प्रत्येक नावाला लोकांनी हसून दाद दिली. शेवटी तो टेटच्या नावावर आला आणि हसू थांबलं.

"एकच विचारतो, अर्व्हिन. नॉर्डाल इथून बावीस किलोमीटर. आपला ओरेस्ट तिथे गेला होता. त्याने तुला या पोराबद्दल सांगितलं होतं की नाही?"

आता आलं, ओरेस्टला वाटलं. आता हा सगळं ओकणार. आणि खरं सांगायचं तर त्याला जरा बरंही वाटलं. अर्व्हिन म्हणेल की नाही सांगितलं, आपण म्हणू की सांगितलं, आणि गाव आपलं ऐकेल. निदान भांडण तरी होईल.

अर्व्हिनने तिसऱ्या रांगेत ओरेस्टकडे पाहिलं.

"त्या पोराबद्दल माझ्या कानावर आलं होतं," तो म्हणाला. "मी स्वतः जायला हवं होतं. गेलो नाही. चूक माझी आहे."

एवढंच बोलून तो पाण्याचा ग्लास उचलून प्यायला.

ओरेस्टला भांडण हवं होतं आणि हे काय मिळालं? त्या लाल कानांच्या पोरसवद्या माणसाने त्याला अख्ख्या गावासमोर वाचवलं होतं, आणि वाचवताना कपाळावर आठीही आणली नव्हती. ओरेस्टला त्याचाही हेवा वाटला. म्हणजे बघा, सहा महिने ठरवूनही जे आपल्याला जमलं नसतं ते हा एका घोटात करून मोकळा झाला. या जगात सगळ्यांना सगळं जमतं, आणि आपल्याला काय जमतं, तर जळायला.

"ठराव मतदानाला टाकतो," अध्यक्ष म्हणाले. "बाजूने असतील त्यांनी आपलं पिवळं कार्ड वर करावं."

कार्डं वर जायला लागली. ओरेस्टच्या शेजारचं गेलं, पुढच्या रांगेतली गेली. शेवटच्या खुर्चीतली ती बाई पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत होती.

"थांबा," ओरेस्ट म्हणाला, आणि डॉक्टरने बसवलेल्या दोन गुडघ्यांवर उभा राहिला. "त्याने मला विचारलं होतं. त्याच रात्री. मी म्हणालो, नॉर्डालला काही नाही."

"अरे, चुकतं माणसाचं," मागून कुणीतरी म्हणालं. "बस खाली, ओरेस्ट. तू नको अंगावर घेऊस."

"चुकलं नाही!" तो ओरडला. "ऐका तरी! दिसलं होतं मला. तुम्हाला कुणालाही दिसलं नसतं एवढं स्पष्ट दिसलं होतं. पोरगा लॉर्नचा होता म्हणून बोललो नाही. दुसऱ्या कुणाचा असता तर धावत सुटलो असतो. आणि जूनपासून तुम्हाला थापा मारतोय."

मागे एल्सीने कॉफीच्या भांड्याचा नळ बंद केला. नेस्टरने वर केलेलं कार्ड हळूच खाली घेतलं. लॉर्नकडे बघायचं धाडस ओरेस्टला झालं नाही. त्याने जॅकेटची बटणं सोडायला घेतली. वेळ लागला, आणि सगळं गाव त्या बटणांकडे बघत थांबलं. जॅकेट त्याने अध्यक्षांच्या टेबलावर ठेवलं आणि घामाने पाठीला चिकटलेल्या शर्टात तो जिना उतरला.

खाली मैदानात गाड्या उभ्या होत्या. तो आपल्या गाडीच्या सावलीत टेकून उभा राहिला. पंधरा-वीस मिनिटांनी जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, निवांत पावलं. ती कुणाची ते बघायलाच नको होतं.

"ठराव पडला," लॉर्न म्हणाला. "तुझ्या जॅकेटवर नेस्टरने कॉफी सांडली. मुद्दाम नव्हतं."

"मार मला एक," ओरेस्ट म्हणाला. "तुला हक्क आहे."

"या उन्हात?" लॉर्न शेजारी टेकला. त्याने खिशातून रुमाल काढला आणि ओरेस्टपुढे धरला. ओरेस्टने घेतला नाही. "मला माहीत होतं, ओरेस्ट."

"काय माहीत होतं?"

"तेव्हापासूनच. मी तुझ्या मागे रांगेत होतो, कॉफीसाठी. तू काचेशी उभा होतास. ग्रेव्ही गार होऊन थिजली तरी तुझा हात हलला नाही. आणि देवाचं नाव घेतलंस. चर्चमध्ये तरी घेतोस का तू? मी म्हटलं, झालं, याला दिसलं. उद्या अर्व्हिनचा फोन येणार." लॉर्नने रुमालाने स्वतःचं कपाळ पुसलं, पुसण्यासारखं तिथे काही नव्हतं. "नाही आला. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. पाचव्या दिवशी फोर्ट रेनीचा माणूस दारात. तेव्हा मला कळलं."

"आणि अडीच वर्षं माझ्या शेजारी बसून कॉफी पितोयस? एक शब्द नाही?"

"काय बोलणार होतो? मला आनंद झाला होता."

गाडीला टेकलेला ओरेस्ट सरळ झाला.

"तुझ्या डॅरिलचं त्यांनी काय केलं ते मी पाहिलं होतं," लॉर्न म्हणाला. "आमचं पोर इथे आलं असतं तर तेच झालं असतं. दोन वर्षं बाक. आणि कोल्ह्यांनी मागितलं असतं तर नाही म्हणायची माझी छाती नव्हती. या गावात राहून नाही म्हणता येतं का? मुलाने विचारलं असतं तर मीही हेच सांगितलं असतं, थांब, वेळ येईल. पण फोनच आला नाही. तू सोडवलंस त्याला. कशासाठी ते तुझं तुला माहीत. मी मात्र आभार मानायला हवे होते, ते राहिले. मानले असते तर तू का केलंस ते दोघांनाही बोलावं लागलं असतं. आणि अर्व्हिनची मान अडकली तेव्हाही मी गप्प बसलो. आज तू उठला नसतास तर मी उठलो असतो का? मला माहीत नाही."

त्याने ओरेस्टच्या खांद्यावर हात ठेवला, एकदा थोपटलं आणि आपल्या पिकअपकडे गेला. पिकअप पहिल्या किल्लीला सुरू झाली.

ओरेस्ट तिथेच उभा राहिला. आयुष्यभरात त्याने लॉर्नचं वाईट व्हावं म्हणून एकच काम केलं होतं, आणि तेही लॉर्नच्या भल्याचं निघालं. त्याला हसू यायला हवं होतं. आलं नाही, कारण थोपटलेल्या खांद्यातून आता दुसरंच काहीतरी वर येत होतं. सोडवलंस त्याला, लॉर्न म्हणाला होता. लॉर्नच्या नातवाला त्याने सोडवलं होतं, पोटातल्या आगीपायी, न मागता. आणि ज्याने मागितलं होतं, आपल्याच टेबलाशी बसून, आपल्याच ताटात बघत मागितलं होतं, त्याला सांगितलं होतं की थांब.

तो गाडीत बसला. काचा वर होत्या, आत भट्टी पेटली होती, पण त्याला त्या खाली करायचं सुचलं नाही. त्याने डॅरिलचा नंबर लावला.

"बाबा?" डॅरिलचा आवाज लगेच ताठ झाला. "काय झालं? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. लोणचं घालतेय."

"मग? आज कसा फोन?"

"तू सतरा वर्षांचा होतास ना," ओरेस्ट म्हणाला आणि थांबला. "जेवताना तू मला एक मागितलं होतंस. तुला आठवत नसेल आता."

पलीकडे कुठेतरी टीव्ही चालू होता. तो बंद झाला.

"फोर्ट रेनी," डॅरिल म्हणाला.

एकोणतीस वर्षं, आणि त्याला आठवायला एक क्षणही लागला नाही.

"मी बोलायला हवं होतं त्यांच्याशी," ओरेस्ट म्हणाला. "त्यांनी सोडलं असतं तुला. मी जॅकेट सांभाळत बसलो."

"हो," डॅरिल म्हणाला. "बोलायला हवं होतंस."

माडीवरून लोक उतरायला लागले होते. एल्सी जिन्यावरून येत होती, हातात कॉफीने डागाळलेलं जॅकेट घडी घालून. ओरेस्टने तिला हाताने थांब अशी खूण केली. डॅरिल पुढे काही बोलत नव्हता. फोन ठेवतही नव्हता. ओरेस्ट तो कानाला तसाच धरून बसला.